चतुरंग (खेळ)

चतुरंग हा चौसष्ट घरांच्या पटावर खेळला जाणारा प्राचीन भारतीय बैठा खेळ आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सैन्याच्या चार अंगांची लढाई त्यात मांडलेली असते. इराणमध्ये हा खेळ 'चतरंग' आणि पुढे अरबी भाषेत 'शतरंज' या नावाने ओळखला गेला. युरोपात पोहोचल्यावर कालांतराने त्याचे आजच्या बुद्धिबळात रूपांतर झाले. खेळाच्या इतिहासाचे बहुसंख्य अभ्यासक त्याचा उगम उत्तर भारतात, इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास किंवा त्याच्या थोडा काळ आधी झाला असे मानतात.

चतुरंग पाच हजार वर्षे जुना आहे, महाभारतातील द्यूत म्हणजे चतुरंगच, चौघांनी फासे टाकून खेळायचा प्रकार हे त्याचे मूळ रूप होय, अशी विधाने लोकप्रिय लेखनात वारंवार आढळतात. त्यांना विश्वसनीय आधार नाही. भारतीय उगमाचा पक्ष भक्कम आहे. पण त्याचा भक्कमपणा संस्कृत गद्यातील एका श्लेषातून, काही शब्दांच्या प्रवासातून आणि हत्तीच्या चालींच्या इतिहासातून येतो.

नाव

'चतुरंग' म्हणजे चार अंगे असलेले. रामायण, महाभारत आणि कौटिल्याचे अर्थशास्त्र यांत हा शब्द सैन्याचे विशेषण म्हणून येतो. त्यामुळे एखाद्या जुन्या ग्रंथात 'चतुरंग' शब्द सापडला म्हणजे तेथे खेळाचा उल्लेख आहे असे ठरत नाही. कालनिर्णयातील बऱ्याच चुका याच गल्लतीतून झालेल्या आहेत.

खेळाने उचललेली सैन्यरचना तशी पुस्तकी आहे. खेळाचे पहिले उल्लेख मिळतात त्या सातव्या शतकापर्यंत रणांगणावरील रथाचे महत्त्व ओसरले होते आणि घोडदळ व गजदळ यांवर भर होता. पटावर मात्र रथ आपल्या जागी राहिला. खेळ रचणाऱ्यांसमोर प्रत्यक्ष लष्कराइतकीच शास्त्रग्रंथांतील आदर्श सेनाही असावी.

अष्टापद : पट खेळाहून जुना

चतुरंगाचा पट त्या खेळासाठी तयार झालेला नाही. आठ घरांच्या आठ ओळींचा पट भारतात त्याच्या कितीतरी आधीपासून 'अष्टापद' या नावाने प्रचलित होता. पाली दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात गौतम बुद्ध ज्या करमणुकींपासून दूर राहत त्यांची यादी आहे. तीत आठ घरांच्या आणि दहा घरांच्या पटांवरील खेळांची नावे येतात. वाल्मीकि रामायणाच्या बालकांडात अयोध्येच्या आखीव रचनेला अष्टापदाची उपमा दिलेली आहे. अमरकोशात अष्टापद हा सोंगट्यांच्या पटाचा पर्याय म्हणून नोंदलेला आहे. हरिवंशात तर द्यूताच्या भांडणात बलराम रुक्मीला अष्टापदाच्याच प्रहाराने ठार करतो.

या पटावर फासे टाकून सोंगट्या फिरवण्याचा, सारीपाटाच्या जातीचा खेळ खेळला जात असावा. पटावरील ठरावीक घरांत फुल्या काढलेल्या असत. भारतात तयार होणाऱ्या बुद्धिबळाच्या पारंपरिक पटांवर या फुल्या अगदी अलीकडच्या काळापर्यंत आढळतात. बुद्धिबळात त्यांना काहीही काम नाही. जुन्या खेळाचा पट नव्या खेळाने जसाच्या तसा घेतला आणि खुणा पुसायचे कोणाच्या मनात आले नाही, असेच यावरून दिसते. पटावरील घरे आलटून पालटून काळी-पांढरी रंगवण्याची रीत भारतीय नाही. ती युरोपातील आहे.

म्हणून अष्टापदाचा उल्लेख म्हणजे चतुरंगाचा उल्लेख नव्हे. सिंधू संस्कृतीच्या लोथल येथील उत्खननात सापडलेल्या मातीच्या सोंगट्यांचा संबंधही कधी कधी बुद्धिबळाशी जोडला जातो. सोंगट्यांच्या आकारांवरून नियम समजत नाहीत, आणि लोथल व चतुरंगाचे पहिले उल्लेख यांच्यामध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

वाङ्मयीन उल्लेख

चतुरंगाचा बहुतेक सर्व अभ्यासकांना मान्य असलेला सर्वांत जुना भारतीय उल्लेख बाणभट्टाच्या 'हर्षचरित' या गद्यकाव्यात आहे. बाण हा कनौजचा सम्राट हर्षवर्धन (कारकीर्द इ.स. ६०६ ते ६४७) याच्या दरबारातील कवी. हर्षाच्या राज्यातील सुव्यवस्थेचे वर्णन करताना तो परिसंख्या अलंकाराचा वापर करतो. या अलंकारात एखादी गोष्ट इतर सर्व ठिकाणी नाकारून एकाच ठिकाणी असल्याचे सांगितले जाते. या राजाच्या राज्यात 'चतुरंगकल्पना' केवळ अष्टापदांवर दिसते, असे बाण म्हणतो. या शब्दाचा एक अर्थ चतुरंग सेनेची मांडणी, तर दुसरा अर्थ हातपाय या चार अवयवांचे छेदन, म्हणजे त्या काळी गुन्हेगारांना दिली जाणारी एक शिक्षा. राज्यात अवयव तोडण्याची वेळच येत नाही, 'चतुरंग' होते ते फक्त पटावर, असा हा श्लेष आहे.

या वाक्याचे महत्त्व त्यात काय सांगितले आहे यापेक्षा काय गृहीत धरले आहे यात आहे. श्लेष समजावून सांगावा लागला तर तो मरतो. अष्टापदावर चतुरंग मांडतात हे बाणाच्या वाचकांना आधीच ठाऊक होते. याचा अर्थ सातव्या शतकाच्या पूर्वार्धात हा खेळ दरबारी, सुशिक्षित वर्तुळात चांगलाच परिचयाचा झाला होता.

सुबंधूच्या 'वासवदत्ता' या कथेत पावसाळ्याचे वर्णन आहे. त्यात पिवळ्या-हिरव्या बेडकांना सोंगट्यांची आणि शेतातील काळ्या वाफ्यांना पटावरील घरांची उपमा येते. काही अभ्यासक हाच पहिला उल्लेख मानतात. मात्र हा खेळ चतुरंगच आहे की फाशांचा एखादा खेळ, हे वर्णनावरून ठरत नाही.

नवव्या शतकात काश्मीरमध्ये याहून वेगळ्या प्रकारचा पुरावा मिळतो. रुद्रटाच्या 'काव्यालंकार' या ग्रंथात चित्रकाव्याचे प्रकार सांगताना रथ, घोडा आणि हत्ती यांच्या चालींवर बेतलेले बंध दिले आहेत. पटाच्या अर्ध्या भागात, म्हणजे बत्तीस घरांत, बत्तीस अक्षरांचा श्लोक लिहायचा. तो सरळ ओळीने वाचला काय आणि घोड्याच्या अडीच घरांच्या चालीने वाचला काय, श्लोक तोच राहिला पाहिजे. घोड्याने प्रत्येक घरात एकदाच जाऊन पट पुरा करण्याचा प्रश्न गणितातही प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या सर्वांत जुन्या ज्ञात उदाहरणांत रुद्रटाच्या या श्लोकाची गणना होते. चौदाव्या शतकात वेदान्तदेशिकांनी 'पादुकासहस्र' या स्तोत्रात हाच चमत्कार करून दाखवला.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द इ.स. ११२६ ते ११३८) याच्या 'मानसोल्लास' या ज्ञानकोशवजा ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये चतुरंगाचे सविस्तर वर्णन आहे. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग या राजाच्या अमलाखाली होता. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने 'भगवंतभास्कर' या ग्रंथाच्या 'नीतिमयूख' या भागात खेळाचे नियम दिले. नीलकंठाचे घराणे मूळचे पैठणचे. ते काशीस जाऊन स्थायिक झाले होते. त्याच ग्रंथातील 'व्यवहारमयूख' हा भाग पुढे मुंबई इलाख्यात हिंदू कायद्याचा आधारग्रंथ ठरला. वारसाहक्क आणि प्याद्यांच्या चाली एकाच ग्रंथमालेत बसतात, कारण चतुरंग ही राजनीतीची शाखा मानली जात होती.

खेळाची पद्धत

दोन खेळाडूंच्या प्रकारात प्रत्येकाकडे सोळा मोहरे असत : राजा, मंत्री (किंवा सेनापती), दोन हत्ती, दोन घोडे, दोन रथ आणि आठ पदाती. राजा सर्व दिशांना एक घर चाले. मंत्री फक्त तिरका, तोही एकच घर चाले. आजच्या वजिराची ताकद त्याला नव्हती. रथ उभा-आडवा हवा तितका जाई. घोड्याची चाल तेव्हापासून आजतागायत बदललेली नाही. पदाती एक घर पुढे चाले आणि तिरके मारी. पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची सवलत त्याला नव्हती. किल्लेकोटही नव्हता.

हत्तीबाबत मात्र एकवाक्यता नाही. त्याच्या निदान तीन चाली नोंदलेल्या आहेत. पहिल्या चालीत तो मधले घर ओलांडून तिरका दोन घरे जातो. इराण आणि अरबस्तानात हीच चाल रूढ झाली. दुसरीत तो सरळ दोन घरे जातो. नवव्या शतकातील अरब बुद्धिबळपटू अल-अदली याने ही चाल भारतीयांची म्हणून नोंदवली आहे. तिसरी चाल अल-बिरुनीने इ.स. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या भारतविषयक ग्रंथात आढळते : हत्ती एक घर सरळ पुढे किंवा चारही तिरक्या दिशांना एक घर जातो. ही पाच घरे म्हणजे हत्तीची सोंड आणि चार पाय, असे स्पष्टीकरणही तो देतो.

प्रसार

खेळाच्या प्रसाराचा सर्वांत बोलका पुरावा या हत्तीने दिला आहे. ब्रह्मदेशातील 'सित्तुयिन' या खेळाचे नावच चतुरंग सेनेवरून आलेले आहे, आणि त्यातील हत्ती बिरुनीने सांगितलेल्या पाच घरांतच चालतो. थायलंडच्या 'मकरुक' या खेळात त्या जागचा मोहरा हीच चाल चालतो. जपानच्या 'शोगी'मध्येही 'रौप्य सेनापती' या मोहऱ्याची चाल हुबेहूब अशीच आहे. पश्चिमेकडे मात्र तिरक्या दोन घरांची चाल गेली. चीनच्या 'श्यांगछी' या खेळातील हत्तीही तिरका दोन घरे जातो, फक्त मधले घर ओलांडू शकत नाही. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची, दोन्ही रूपे ज्या एका प्रदेशात नोंदलेली सापडतात तो प्रदेश भारत आहे.

दुसरा पुरावा शब्दांचा. पहलवी भाषेतील 'चतरंग' हा शब्द संस्कृतातून आला याविषयी भाषाशास्त्रज्ञांत फारसा मतभेद नाही. पहलवीत त्याची स्वतंत्र व्युत्पत्ती लागत नाही. अरबी लिपीत 'च' आणि 'ग' ही अक्षरे नसल्याने त्याचे 'शतरंज' झाले. मंगोलियाचे 'शतर', मलाय व इंडोनेशियातील 'चतुर', स्पॅनिशमधील 'आखेद्रेस' ही सारी त्याच शब्दाची रूपे आहेत.

इराणी परंपरेनेही हा खेळ आपला म्हणून सांगितलेला नाही. 'चतरंग-नामग' या पहलवी ग्रंथातील कथा अशी : देवीशर्म नावाच्या हिंदुस्थानच्या राजाने ससानी सम्राट पहिला खुस्रो अनुशिरवान (कारकीर्द इ.स. ५३१ ते ५७९) याच्याकडे सोळा पाचूचे आणि सोळा माणकांचे मोहरे पाठवले आणि खेळाचे मर्म ओळखा, नाहीतर खंडणी द्या, असा निरोप दिला. बुजुर्गमिहर या मंत्र्याने खेळ उलगडला आणि उलट 'नर्द' हा फाशांचा खेळ रचून हिंदुस्थानला पाठवला. तो तेथे कोणालाच उलगडला नाही. कथा उघडच इराणी मंत्र्याच्या बुद्धीची थोरवी गाण्यासाठी रचलेली आहे. म्हणूनच तिच्यातील कबुलीला वजन आहे : स्वतःच्या गौरवाची गोष्ट सांगतानाही निवेदक खेळाचे श्रेय परक्या देशाला देतो. याच खुस्रोच्या काळात बुर्जोय या वैद्याने पंचतंत्र इराणमध्ये नेले अशी परंपरा आहे. दोन देशांतील देवाणघेवाणीचा हा काळ खेळाच्या प्रवासालाही अनुकूल होता.

इ.स. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या 'शाहनामा'त फिरदौसीने ही कथा सांगून तिला आणखी एक जोड दिली आहे. गव आणि तलहंद या हिंदी सावत्र भावांत राज्यासाठी युद्ध होते आणि तलहंद हत्तीच्या पाठीवरच मरण पावतो. गवनेच त्याला मारले असे आई मानते. तो कोणाच्या शस्त्राने नव्हे, तर चहूबाजूंनी कोंडी झाल्याने मेला, हे तिला पटवण्यासाठी शहाणे लोक लढाई पटावर मांडून दाखवतात. शहमातीला या कथेत असा करुण अर्थ मिळतो. फिरदौसीचा पट शंभर घरांचा असून त्यात उंटही आहेत.

प्रत्यक्ष मोहरे मात्र भारताबाहेर मिळाले आहेत. समरकंदजवळील अफ्रासियाब येथे १९७७ मध्ये सापडलेले सात हस्तिदंती मोहरे सातव्या-आठव्या शतकांतील मानले जातात. निश्चितपणे बुद्धिबळाचे म्हणता येतील अशा मोहऱ्यांत ते सर्वांत जुने आहेत. तितके जुने आणि तितके निःसंदिग्ध मोहरे भारतात सापडलेले नाहीत. भारतीय उगमाच्या पक्षातील ही खरी उणीव होय. तिच्याच आधारे काही अभ्यासकांनी मध्य आशियातील, विशेषतः कुषाण प्रदेशातील, उगमाचा पर्याय मांडला आहे. खेळ चीनमध्ये जन्मून पश्चिमेकडे गेला असाही एक पक्ष आहे. पण 'चतरंग' हे नाव इराणला संस्कृतातून का मिळाले याचे समाधानकारक उत्तर त्याला देता आलेले नाही.

चौघांचा खेळ आणि एक दीर्घायुषी चूक

चतुरंगाचा एक प्रकार चौघे जण फासे टाकून खेळत. त्याला 'चतुराजी' असेही म्हणतात. पटाच्या चार बाजूंना चार रंगांची सैन्ये असत. प्रत्येक सैन्यात राजा, हत्ती, घोडा, नौका आणि चार प्यादी असे आठ मोहरे. पाच पडले तर राजा किंवा प्यादे, चार पडले तर हत्ती, तीन पडले तर घोडा आणि दोन पडले तर नौका चालवायची. समोरासमोरचे दोघे परस्परांचे मित्र असत, मात्र संधी मिळाल्यास मित्राच्या सैन्यावरही ताबा मिळवता येई. रथाच्या जागी नौका आली ती बंगालात, नद्यांच्या प्रदेशात. रघुनंदनाच्या 'तिथितत्त्व' या सोळाव्या शतकातील बंगाली स्मृतिग्रंथात व्यास युधिष्ठिराला हा खेळ शिकवतात असा संवाद आहे.

विल्यम जोन्स यांनी १७९० मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'मधील निबंधात या संवादाकडे युरोपचे लक्ष वेधले. रावणाच्या पत्नीने वेढ्यात सापडलेल्या पतीच्या मनोरंजनासाठी खेळ शोधला, ही दंतकथाही त्यांनीच नोंदवली. त्यानंतर हायरम कॉक्स यांनी चौघांचा खेळ हा आद्य, असे मत मांडले. डंकन फोर्ब्स यांनी १८६० च्या आपल्या बुद्धिबळाच्या इतिहासात त्याला सिद्धान्ताचे रूप दिले : संवाद पुराणातला, पुराण पाच हजार वर्षांपूर्वीचे, म्हणून खेळ पाच हजार वर्षांचा, पुढे जुगारावर बंदी आल्याने फासे गेले आणि चार सैन्यांची दोन झाली.

ही साखळी पहिल्याच कडीत तुटते. ज्या पुराणाचा हवाला दिला जातो त्याला पाच हजार वर्षांचे वय देण्यास काहीही आधार नाही, आणि संवादाचा ज्ञात स्रोत मध्ययुगीन आहे. आल्ब्रेक्ट वेबर आणि आन्टोनियस फान डर लिंडे यांनी १८७० च्या दशकात हे दाखवून दिले. पुढे १९१३ मध्ये एच. जे. आर. मरे यांच्या बुद्धिबळाच्या बृहद् इतिहासाने हा वाद अभ्यासकांपुरता निकालात काढला. चौघांच्या खेळाचा सर्वांत जुना निश्चित उल्लेख बिरुनीचा, म्हणजे अकराव्या शतकाचा. दोघांच्या खेळाची साक्ष त्याच्या चारशे वर्षे आधीची आहे. असे असूनही फोर्ब्स यांचा पाच हजार वर्षांचा आकडा अद्याप अनेक ठिकाणी छापला जातो. महाभारतातील सभापर्वात खेळले जाते ते अक्षद्यूत आहे. त्यात पटही नाही आणि सेनाही नाही.

गव्हाच्या दाण्यांची कथा

राजाने बक्षीस माग म्हटल्यावर शोधकर्त्याने पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुपटीने चौसष्टाव्या घरापर्यंत धान्य मागितले, ही कथा सर्वपरिचित आहे. एकूण दाणे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होतात. शोधकर्त्याचे नाव सहसा सिस्सा असे दिले जाते आणि राजा हिंदुस्थानचा असतो. पण कथा अरबी ग्रंथांतून पसरली. तेराव्या शतकातील इब्न खल्लिकानने ती सविस्तर सांगितली असून, हे गणित त्याच्या कितीतरी आधी बिरुनीने करून ठेवले होते. केरळमधील अंबलप्पुळ येथे याच कथेत कृष्ण स्वतः खेळायला येतो आणि राजाला तांदळाचे ऋण देवळातील पायसाच्या रूपाने फेडत राहावे लागते.

चतुरंग ते बुद्धिबळ

पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन व इटलीत मंत्र्याला आजच्या वजिराची आणि हत्तीला आजच्या उंटाची अमर्याद चाल मिळाली. खेळ अतिशय वेगवान झाला आणि काही दशकांत जुना प्रकार युरोपातून नाहीसा झाला. भारतात मात्र खेळ दोन वेळा बदलून परत आला : आधी इस्लामी राजवटींबरोबर शतरंजच्या रूपाने, नंतर इंग्रजांबरोबर युरोपीय नियमांनी. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळविषयक संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप प्रसिद्ध झाले, तेव्हाच ते युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले होते.

मराठीत या प्रवासाचे थर शब्दांतून दिसतात. 'बुद्धिबळ' हे नाव संस्कृत घटकांचे आहे. राजा, घोडा आणि हत्ती हे मोहरे देशी नावांनी ओळखले जातात, तर वजीर हा शब्द मूळ अरबी, प्यादे, शह आणि मात हे फारसीमार्गे आलेले. 'प्यादे' हा फारसी शब्द संस्कृत 'पदाति'चा सगोत्र आहे. रथ मराठी पटावरून नाहीसा झाला. त्याची कोपऱ्यातली जागा आणि सरळ चाल हत्तीकडे गेली, आणि हत्तीची तिरकी चाल उंटाला मिळाली. त्यामुळे चतुरंगाचे जुने वर्णन वाचताना 'हत्ती' म्हणजे आजचा उंट आणि 'रथ' म्हणजे आजचा हत्ती हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे लागते. अर्थात कोपऱ्यात हत्ती ठेवण्याची रीत केवळ उत्तरकालीन नाही. अल-अदलीने नवव्या शतकात भारतीयांचे हत्ती कोपऱ्यातच असल्याचे लिहून ठेवले आहे.